खबर वाचणाऱ्याचा आवाज

बोगूली
३ नोव्हेंबर २०२३

सनातू,

तुझे सात फोन आले. सातही वेळा तुझ्या आयिशेतूवहिनीने उचलले आणि सातही वेळा तुला सांगितलं की तो झोपलाय. मी झोपलो नव्हतो, शेजारीच बसलो होतो. खोटं सांग म्हणून मीच तिला खुणावलं होतं. तिच्यावर चिडू नकोस.

तामालेच्या डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढून टाकलं. गाठ होती. आता श्वास मानेवरच्या भोकातून घेतो. जेवण जातं. हसलो तर आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. आयिशेतू म्हणते, हसतोस की उचकी लागलीय ते आधी लिहून दाखव.

लोक भेटायला येतात आणि माझ्याशी ओरडून बोलतात. गेलाय तो माझा आवाज, कान नव्हे, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

सव्वीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला मी रेडिओवरून या सगळ्या गावांना सकाळचं ‘दासिबा’ म्हणत आलो आणि मग मयताच्या खबरा वाचत आलो. आता फुसेनी स्वतःच वाचतो. केंद्राचा प्रमुख असला तरी घाईने वाचतो. मयताच्या बापाचं नाव गिळतो.

मला काही नकोय. तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, म्हणून रुसला असेल असं तुला वाटू नये, एवढंच. हे पत्र अक्राच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. लेकीचं, वुम्पिनीचं लग्न रमजानच्या आधी, चोवीस फेब्रुवारीला ठरलंय. तेव्हा ये.

तुझा भाऊ,
इमोरो

०

अक्रा
९ नोव्हेंबर

इमोरोदादा,

पत्र वर्गात जायच्या आधी वाचलं. मग वर्ग घेतला नाही. मुलांना सांगितलं, आज बाईंची तब्येत बरी नाही.

तू मला सांगायला हवं होतंस. मावशीच्या मुलीला परकं धरलंस. माझ्या बापाने मला दक्षिणेत शिकायला पाठवायचं नाही म्हटलं तेव्हा तू त्यांच्या दारात तीन दिवस ठाण मांडून बसला होतास. चौथ्या दिवशी ते म्हणाले, हिला पाठवा, पण या माणसाला माझ्या दारातून उठवा. आणि आज तुझा गळा कापला तरी मला कळवायचं नाही?

बरं, ऐक. मी या बिझनेस स्कूलमध्ये काय शिकवते, असं तू नेहमी विचारायचास आणि उत्तर सुरू झालं की जांभई द्यायचास. रेडिओ, वर्तमानपत्रं, फोन आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता, यांचा धंदा कसा चालतो आणि त्यात माणसांचं काय होतं, हा माझा विषय. दोन वर्षं मी एका कंपनीबरोबर अभ्यास करतेय. ती आपल्या भाषांतले आवाज यंत्रात घडवते. दाग्बानीचा चांगला आवाज त्यांना अजून मिळालेला नाही.

तुझ्या सव्वीस वर्षांच्या खबरा केंद्रात साठवलेल्या आहेत ना? त्या मला पाठव. तू फोनवर लिहायचंस, फोन तुझ्या आवाजात बोलेल. खरंच तुझ्या. वुम्पिनीच्या लग्नात तू आशीर्वाद देशील आणि ती तो ऐकेल.

सोबत एक कागद आहे, त्यावर सही कर. नेहमीचाच कागद आहे, वाचत बसू नकोस.

सनातू

०

बोगूली
२० नोव्हेंबर

सनातू,

कॅसेटची दोन खोकी आणि फुसेनीने दिलेली डबी पाठवतोय. डबीत अलीकडच्या दहा वर्षांचं सगळं आहे म्हणतो. कॅसेट सांभाळून हाताळायला सांग. त्यातली माणसं मेलेली आहेत आणि त्यांच्या घरच्यांना अजून आठवतं की अमक्याची खबर इमोरोने अशी वाचली होती.

सही केली. इंग्रजीत चार पानं होती. तू म्हणालीस म्हणून वाचली नाहीत.

आयिशेतूला हे पटलेलं नाही. ती म्हणते, देवाने नेलेली वस्तू दुकानातून परत आणू नये. मी लिहून विचारलं, मग तुझे खोटे दात कुठून आले? दोन दिवस बोलत नव्हती. घरात बोलणारी तेवढी एकच, तीही गप्प. फार शांत गेले ते दोन दिवस.

तब्येत चांगली आहे. डॉक्टरने डिसेंबरात परत बोलावलंय.

इमोरो

०

अक्रा
१८ डिसेंबर

दादा,

फोन पाठवलाय. चालू कसा करायचा ते वुम्पिनीला सांगून ठेवलंय.

आवाज तयार झाला त्या दिवशी मी कंपनीच्या खोलीत बसले होते. तिथल्या मुलाने एक वाक्य लिहिलं आणि बटण दाबलं. तू म्हणालास, ‘बोगूलीकरांनो, दासिबा.’ मी सगळ्यांसमोर उत्तर दिलं, ‘नाss’, घरी दासिबाला देतो तसंच. तोंडून आपोआप निघालं. ती सगळी दक्षिणेची पोरं, माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

सनातू

०

बोगूली
२७ डिसेंबर

सनातू,

पहिलं वाक्य काय लिहावं याचा मी बराच विचार केला. मग तहान लागली म्हणून लिहिलं, ‘आयिशेतू, पाणी दे.’ तिच्या हातातला कटोरा पडला. ती भिंत धरून रडली. मग पाणी आणलं आणि म्हणाली, इतके दिवस स्वतः उठून घेत होतास ना?

आता गंमत ऐक. तू पाठवलेल्या त्या आवाजाला दोनच सूर येतात. एक सकाळचा रामराम, दुसरा मयत. मी लिहितो ‘भाजीत मीठ कमी आहे’ आणि तो असा सांगतो की ऐकणाऱ्याने डोक्यावरची टोपी काढावी. परवा शेजारी बारसं होतं. मी लिहिलं, ‘बाळ शंभर वर्षं जगो.’ आवाज निघाला, आणि बाळाच्या आजीने त्याला पदराखाली घेतलं. सगळे हसले. मीही, खांद्यांनी.

पण सनातू, वुम्पिनी कामावरून आली की दारातून विचारते, ‘बा, आज काय विशेष?’ आणि मी तिला सांगतो. दोन महिन्यांनी ती माझ्यासमोर बसून बोलायला लागलीय. आधी तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. हे तुझ्यामुळे झालं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ठीक आहे म्हणाले.

इमोरो

०

अक्रा
८ जानेवारी २०२४

दादा,

आनंदाची बातमी आहे, बसून वाच.

डर्बनच्या परिषदेत मी तुझ्या आवाजावर निबंध वाचला. लोक उभे राहिले. एक म्हातारे प्राध्यापक येऊन म्हणाले, तुमच्या भावाला भेटायला आवडेल.

दुसरी बातमी याहून मोठी. कंपनीचं फुसेनीशी बोलणं झालं. पंधरा तारखेपासून सकाळच्या खबरा पुन्हा तुझ्या आवाजात ऐकू येतील. फुसेनीने मजकूर टाकायचा, बाकी यंत्र करेल. तू पुन्हा रेडिओवर येणार. मी मुद्दामच तुला आधी विचारलं नाही. तुझा चेहरा बघायला मला तिथे असायला हवं होतं.

सनातू

०

बोगूली
३० जानेवारी

सनातू,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही. काय लिहावं ते कळत नव्हतं. आता लिहावं लागतंय.

पंधरा तारखेला सकाळी लोक मानाच्या कोलाच्या बिया घेऊन घरी आले. म्हणाले, देवाने दिलं परत. मी अंगणात बसलो होतो आणि आत रेडिओवर मी खबरा वाचत होतो. त्यातली एकही खबर मला माहीत नव्हती. मी कोला घेतला आणि मान हलवली.

खबर कशी वाचायची हे तुझ्या कंपनीला कुणी सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही. मयताची खबर घेऊन माणूस आला की मी त्याला बसवायचो. बापाचं नाव विचारायचो, गाव विचारायचो, आणि मयत तू स्वतः पाहिलंस का, हे विचारायचो. नाही म्हणाला तर परत पाठवायचो. लोक शिव्या घालायचे. पण सव्वीस वर्षांत एकही खबर चुकली नाही.

बावीस तारखेला फुसेनीकडे फोनवर निरोप आला. इसाहाकूची मुलगी तानी कुमासीच्या बाजारात वारली. गाव लिहिलेलं नव्हतं. फुसेनीने तसंच यंत्रात टाकलं आणि यंत्राने वाचलं. किती छान वाचलं, सनातू. ‘तानी’नंतर जिथे मी थांबलो असतो, तिथे ते थांबलं.

आपल्या गावात एक इसाहाकूची तानी आहे. कुमासीलाच असते, रताळी विकते. आई लामिसी इथे एकटी. वारलेली तानी पलीकडच्या गावची. लामिसीने लेकीला फोन लावला, तो दोन दिवस बंद होता. शेजारणी म्हणाल्या, अगं, चूक असेल. ती म्हणाली, ‘फुसेनीने वाचलं असतं तर मीही तसंच म्हटलं असतं. हे इमोरोने वाचलंय.’

तिने अन्न सोडलं, रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तानी त्याच दुपारी बसमधून उतरली. आईसाठी चादर आणली होती.

लामिसीचा भाऊ दावुनी माझ्या दारात आला. म्हातारा हळू आवाजात बोलला. म्हणाला, ‘इमोरो, तुला विचारायला आलोय. तू कुणाला विचारलं होतंस का?’

मी फोन घेतला. लिहिलं, ‘ते मी वाचलं नाही.’ बटण दाबलं. आणि सनातू, ज्या आवाजाने त्याची बहीण मारली, त्याच आवाजात त्याच सुरात तो फोन म्हणाला की ते मी वाचलं नाही.

दावुनी उठून गेला. मी कागदावर लिहून दिलं असतं, पण त्याला वाचता येत नाही.

लामिसीच्या घरी तीन दिवस जाऊन बसलो. फोन नेला नाही. कुणी माझ्याशी ओरडून बोललं नाही. कुणी बोललंच नाही.

इमोरो

०

अक्रा
४ फेब्रुवारी

दादा,

काल कंपनीत गेले. म्हटलं, बोगूलीचं वाचन आजच्या आज थांबवा. ते नम्रपणे बोलले, आणि तू सही केलेल्या कागदाचं तिसरं पान माझ्यासमोर ठेवलं. त्यावर लिहिलंय की घडवलेला आवाज कंपनीचा. कुठे वापरायचा ते कंपनी ठरवेल. बोगूलीखेरीज आणखी चार केंद्रांत तो लावलाय. एका ठिकाणी साबणाची जाहिरातही करतो.

ते पान मला नवीन नव्हतं, दादा. असला कागद मी दर वर्षी वर्गात फळ्यावर मांडते. मुलांना विचारते, यात कोण काय गमावतो? मुलं बरोबर उत्तर देतात. आणि तुला मी लिहिलं, वाचत बसू नकोस. तू वाचलं असतंस तर प्रश्न विचारले असतेस. मला परिषदेची तारीख गाठायची होती.

एक वाट आहे. हा आवाज माझ्या अभ्यासासाठी घेतला होता आणि आमच्या संस्थेचा नियम असा की ज्याचा आवाज आहे त्याने संमती मागे घेतली तर सगळं पुसायचं. कंपनीही त्याला बांधील आहे. पण सगळं म्हणजे सगळं. आवाज एकाच जागी आहे, केंद्रही तिथून घेतं आणि तुझा फोनही तिथूनच. केंद्र गप्प झालं की फोनही गप्प होईल. अर्धं पुसता येत नाही, मी तीन तास भांडले.

लग्न होईपर्यंत थांबता येईल. वुम्पिनीला आशीर्वाद देऊन झाला की दुसऱ्या दिवशी सही कर. संमती मागे घेण्याचा कागद सोबत पाठवतेय. या वेळी दाग्बानीत आहे, एकच पान. वाच.

सनातू

०

बोगूली
९ फेब्रुवारी

सनातू,

वाचलं. सही केली. आजच्याच बसने पाठवतोय.

लग्नापर्यंत थांब म्हणतेस. अजून पंधरा सकाळी आहेत. रोज तो दहा-बारा नावं वाचतो आणि प्रत्येक नावामागे कुणीतरी घरी बसून ऐकत असतं. मी केंद्रात जाऊन फुसेनीला लिहून दिलं की निदान गाव तरी विचारत जा. तो म्हणाला, ‘दादा, लोकांना तुमचा आवाज पुरतो.’

वुम्पिनीला सांगितलं. फोनवरच सांगितलं, शेवटचं. ती म्हणाली, ‘बा, पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे.’ मी म्हटलं, लामिसीकडे तीन होते. ती उठून आत गेली. चूल पेटवली, काही शिजवलं नाही.

आता तू खोटं नको लिहू म्हणशील, म्हणून हेही लिहितो. डिसेंबरात डॉक्टर ठीक आहे म्हणाले नव्हते. गाठ परत आली आहे, खाली छातीकडे. पाऊस सुरू होईपर्यंत, असं म्हणाले. लग्नाच्या घरात हे कुणाला सांगायचं नाही. आयिशेतूला माहीत आहे. तू तिच्याशी या विषयावर बोलू नकोस.

इमोरो

०

बोगूली
२६ फेब्रुवारी

सनातू,

तू लग्नाला आली नाहीस. परीक्षा होत्या, असं वुम्पिनी म्हणाली. असतील.

फोन बारा तारखेला गप्प झाला. मी लिहितो, बटण दाबतो, काही होत नाही. आता आयिशेतू त्याचा आरसा करते.

आशीर्वाद मी कागदावर लिहिला होता. कुणी वाचायचा यावर काका-मामांत वाद झाला. शेवटी वुम्पिनीने हात पुढे केला आणि म्हणाली, माझ्यासाठी आहे ना, मग मीच वाचते. चार ओळी मोठ्याने वाचल्या. पुढच्या मनातल्या मनात वाचल्या. ओठ हलत होते तेवढं दिसलं. मग तिने कागद घडी करून कमरेला खोचला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दावुनी आला होता. जेवून गेला.

इमोरो

०

अक्रा
२ जून

आयिशेतूवहिनी,

दादाच्या मातीला मला पोचता आलं नाही. तिसऱ्या दिवशी आले आणि चौथ्या दिवशी निघाले, हे तुझ्या लक्षात आलं असेल. घरात सगळे माझ्याशी चांगले वागले, त्यामुळे जास्त थांबवेना. आता जे लिहितेय ते वुम्पिनीकडून एकांतात वाचून घे.

कंपनीने आवाज पुसला. माझ्या संगणकावरही एक प्रत होती, अभ्यासाची. नियमाने तीही फेब्रुवारीतच पुसायची होती. मी पुसली नाही. का, ते तेव्हा स्वतःला विचारलंही नाही.

गेल्या रविवारी दार लावून ती उघडली. मी लिहिलं, ‘सनातू, कशी आहेस?’ तो बोलला. दादाने लिहिलं होतं तसाच, मयत सांगितल्यासारखा. मग मी आणखी एक वाक्य लिहिलं. ‘सनातू, मी तुला माफ केलं.’ बोट बटणावर होतं. एकदा दाबायचं होतं आणि त्याने ते म्हटलं असतं.

दाबलं नाही. वाक्य खोडलं आणि मग सगळंच पुसलं.

नंतर त्याची सगळी पत्रं काढून बसले. वर्गात शिकवताना वाचते तशी वाचली, एकेक शब्द. त्याने मला कुठे बोल लावलेला नाही. आणि ते वाक्यही कुठे लिहिलेलं नाही. फेब्रुवारीनंतर मी चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही.

शेवटचे तीन महिने तू त्याच्याजवळ होतीस. तो माझ्याबद्दल काही म्हणाला का? खुणेने, कागदावर, कसंही. एवढंच विचारायचं होतं.

सनातू

०

बोगूली
९ जून

सनातू,

मी सांगतेय आणि वुम्पिनी लिहितेय. तिला म्हटलं, मी म्हणेन तेच लिही, गोड करू नकोस.

तुझी चारही पत्रं पोचली. त्याने वाचली. मार्चनंतर त्याला पेन धरवत नव्हतं, म्हणून उत्तर लिहिलं नाही. वुम्पिनी लिहून देते म्हणाली, तर मान हलवून नको म्हणाला. का नको, ते मला माहीत नाही.

तू विचारतेस ते त्याने म्हटलं नाही. खुणेनेही नाही. तुझ्याबद्दल वाईटही कधी दाखवलं नाही. मनात काय होतं ते देवाला ठाऊक. मी त्याच्याबरोबर एकतीस वर्षं काढली, त्याच्या मनातलं मी सांगू शकले असते असं लोकांना वाटतं. पण तुझ्या यंत्राने जे सांगितलं असतं ते मी सांगणार नाही.

माझंही विचारलं नाहीस, तरी सांगते. मला तुझा राग आहे. एखाद्या दिवशी कमी असतो.

चाळिसाव्याची प्रार्थना एकवीस तारखेला, शुक्रवारी आहे. वुम्पिनीला दिवस गेलेत, तिला जड उचलू देत नाही. पाहुणे पुष्कळ येतील. मोठी पातेली घासायला आणि पाणी भरायला घरची बाई हवी. तू गुरुवारीच ये. जुने कपडे घालून ये.

आयिशेतू